अडकलेली सीडी आणि मावशीची हाक

आज मी जो काही आहे तो द्वारकामावशीमुळे. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढे एका रॅप अल्बमबद्दल बरंच सांगणार आहे आणि कोणाला वाटायला नको की मी मावशीला विसरलो.

मूर्तिजापूरच्या स्टेशनवर मला पोचवायला ती भाजीबाजारातून थेट आली होती. लुगड्याला कोथिंबिरीचा वास, हातात माझी जड बॅग. बॅग कोणालाच उचलू देईना. "सरक बे मुडद्या, पोट्टा कॅनडाले चालला," असं म्हणत तिने फलाटावरची गर्दी बाजूला केली. बाबा मागून शांतपणे चालत होते. गाडी दिसल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "तिकडे सायबासारखं बोलायला शिक. नाहीतर हसतील लोक." बाबांचं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेलं होतं आणि साहेबांचं बोलणं त्यांनी नेहमी खाली मान घालून ऐकलं होतं. मावशीने ते ऐकलं आणि सगळा डबा वळून बघेल अशा आवाजात म्हणाली, "काही सायबासारखं नाही. आपल्याच तोंडानं बोलजो रे बाल्या. हसले तं हसू दे. त्यायच्या बापाचं काय जाते!"

आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शिक्षणासाठी आईने मला तिच्या बहिणीकडे मूर्तिजापूरला ठेवलं. मावशीचं भाजीचं दुकान म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यात टाकलेलं एक पोतं. शाळा सुटली की त्या पोत्याच्या मागच्या बाजूला बसून मी अभ्यास करायचो आणि समोर मावशी गिऱ्हाइकांशी भांडायची. तिच्या प्रत्येक वाक्यात एक तरी शिवी असायची, आणि प्रत्येक भांडणाला एक ठेका. "भाव इचारता दहादा, घेता पावशेर कांदा!" एखादी घासाघीस करणारी बाई हे ऐकून आधी चिडायची, मग हसायची, आणि शेवटी अर्धा किलो कांदे घेऊन जायची. मी दहावीला शाळेत पहिला आलो तेव्हा तिने तसंच काहीतरी जुळवून बाजारभर ऐकवलं होतं. आमच्या घराण्यात पहिला इंजिनियर मी झालो तो त्या पोत्यावर. तिथून इकडे आलो.

सुरुवातीला टोरांटोच्या स्कारबरो भागात एका बेसमेंटमध्ये राहायचो. नोकरी व्हिटबीला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. बसने पोचायला फार वेळ जायचा म्हणून एक जुनी गाडी घेतली. विकणारा उंच, काळा, साठीकडे झुकलेला माणूस होता. अमेरिकेच्या दक्षिणेतून बायकोच्या मागे टोरांटोला आलेला. विंटर टायर्स त्याने वरून दिले. मग जरा ओशाळून म्हणाला की प्लेअरमध्ये एक सीडी अडकली आहे, कितीही बटणं दाबली तरी बाहेर येत नाही. "दॅट वन कम्स विथ द कार," तो म्हणाला. "ट्रीट हर राइट." ती म्हणजे गाडी की सीडी, हे मी विचारलं नाही.

मेकॅनिकने सांगितलं, सीडी काढायची तर अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल. रेडिओचा अँटेना मोडलेला. म्हणजे चारशेएक हायवेवर जाता-येता ऐकायला एकच गोष्ट होती: नव्वदच्या दशकातला, दक्षिणेतल्या एका नदीकाठच्या गावातल्या तीन पोरांनी केलेला गँगस्टा रॅपचा अल्बम. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्यातला एक शब्द छापण्याजोगा नाही, आणि उरलेले शब्द कोणी ओळखणार नाही. कारखान्यात रॅपमधलं सगळं कळतं असं मानणारा डेव्हन आहे, टोरांटोत वाढलेला. त्यालाही हा अल्बम ठाऊक नव्हता. एकदा माझ्या गाडीत बसला, दोन गाणी ऐकली आणि हसायला लागला. "ब्रो, दे टॉक लाइक फार्मर्स."

पहिल्या हिवाळ्यात मला त्यातलं काहीही कळलं नाही. संथ, जड, शब्द ओढत ओढत केलेलं बोलणं. खाली ढोलासारखा ठेका, इतका खोल की सीटमधून पाठीत शिरायचा. हळूहळू शब्द सुटे व्हायला लागले. हे लोक आपल्या गल्लीची नावं घेत होते. कोपऱ्यावरचं दुकान, पुरात बुडालेला रस्ता, मासे तळणारी आजी, गोळी लागून गेलेला मित्र. न्यूयॉर्कचे लोक आमच्या बोलण्याला हसतात, हेही एका गाण्यात होतं, आणि त्यावर दिलेलं उत्तर मावशीच्या उत्तराच्या फार जवळचं होतं. शिवीसकट.

सगळ्याच गाण्यांचं समर्थन मी करत नाही. बायकांबद्दल ते जे बोलतात ते मला ऐकवत नाही, आणि चौथं गाणं सुरू झालं की माझा हात आपोआप पुढच्या बटणाकडे जातो. पण बाकीचा अल्बम मी मनापासून मानतो. जगाने त्याला विचारलं नाही, हा जगाचा तोटा. तेव्हा मी बाबांचं ऐकून आरशासमोर उभा राहून साहेबासारखं इंग्रजी बोलायचा सराव करत होतो. मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तीनदा घासून घ्यायचो. त्याच काळात ही तीन पोरं मला रोज सकाळी ऐकवत होती की आम्ही असेच बोलणार, तुम्हाला कळत नसेल तर कान जवळ आणा. वर्षभराने मीटिंगमध्ये मी घासणं सोडलं. माझा उच्चार कोणाला कळला नाही तर मी पुन्हा सांगतो. माफी मागत नाही.

आता व्हिटबीला आमचं घर आहे. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता कंबर मोडते, ग्रोसरीच्या दुकानात मेथीही मिळते. जुनी गाडी अजून आहे. चाकांवर गंज चढलाय, बायको स्मिता तिला भंगार म्हणते, पण मी ती विकत नाही. आमची मुलगी ईरा अकरा वर्षांची आहे. ती मराठी बोलते ते माझं आणि मावशीचं, म्हणजे वऱ्हाडी. दर रविवारी मावशीला व्हिडिओ कॉल असतो, आणि त्या दोघी एकमेकींवर ओरडतात त्याला आमच्या घरी गप्पा म्हणतात.

मागच्या गणपतीत मराठी मंडळाच्या मुलांचं नाटक झालं. नीलाताई ते बसवतात. त्या खूप राबतात, मुलांवर त्यांचा जीव आहे, हे आधी सांगतो. त्यांनी ईराला मोलकरणीचं काम दिलं. "तिचं बोलणं त्या भूमिकेला किती शोभतं!" त्या कौतुकाने म्हणाल्या. ईराने तोंड उघडलं की हॉल हसायचा. साधं 'मले काय माहीत' म्हटलं तरी हसायचा. शेवटी टाळ्या सगळ्यात जास्त तिलाच मिळाल्या. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "दे वर नॉट लाफिंग अ‍ॅट द जोक, बाबा. देअर वॉज नो जोक."

त्यानंतरच्या रविवारी मावशीने स्क्रीनवरून नेहमीच्या लाडाच्या शिवीने हाक मारली, "काय वं बयताडे, जेवली काय?" ईरा म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन," आणि खोलीत निघून गेली. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी मावशीने आवाज खाली आणून मला विचारलं, "पोट्टी गप काहून झाली रे? माह्यावर रागावली काय?" मावशीने आवाज खाली आणलेला मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तिला दम्याचा त्रास वाढलाय, बाजारात बसणं बंद झालंय, आणि आठवडाभर ती वाट कशाची बघते हे मला ठाऊक आहे. असंच चाललं तर ईरा आणि मावशी यांच्यात बोलायला काही उरणार नाही, आणि मग पुन्हा जोडायला वेळ मिळेल याची खात्री नाही.

मी ईराला उपदेश केला नाही. उपदेश मला जमत नाही. एका शनिवारी पोहण्याच्या क्लासला तिला जुन्या गाडीतून नेलं आणि पाचवं गाणं लावलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "व्हाय डू दे टॉक सो स्लो?"

"ते तिथलेच आहेत म्हणून. तिथं असंच बोलतात."

"डिड पीपल मेक फन?"

"हाव. डेव्हनकाका तर अजून करते."

गाडी पार्किंगमध्ये लागली तरी ती उतरेना. "बाबा, दिस गाय साउंड्स लाइक मावशीआजी. व्हेन शी इज येलिंग अ‍ॅट कस्टमर्स."

गाडी बंद करायला किल्लीकडे गेलेला हात मी मागे घेतला. तिला जे समजलं ते मला समजायला एक अख्खा हिवाळा लागला होता.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाने प्रत्येक कुटुंबाला आवडतं संगीत सादर करायला सांगितलं होतं. त्या ठेक्यावर मावशीआजीसारखं मी करते, असं ईराच म्हणाली. मी नीलाताईंना फोन केला आणि अल्बमबद्दल सांगितलं.

"अरे, इतकी सुंदर भावगीतं आहेत, नाट्यगीतं आहेत. हे गँगस्टर कशाला? मुलं असतात."

"मुलांनी त्याच्यापेक्षा वाईट ऐकलेलं असतं ताई."

"आणि सोबत वऱ्हाडीत काही करणार म्हणतोस? मग विनोदी कर. लोकांना मजा येते त्यात."

"विनोदी नाही करायचं."

"शब्द आधी मला पाठव," त्या म्हणाल्या. "त्या अल्बममधला एकही शब्द स्टेजवर नको."

एकही शब्द नको, तर शब्द आपले. अल्बमच्या शेवटी दोन-अडीच मिनिटं नुसता ठेकाच आहे, कोणी बोलत नाही. गाडीत फोनवर तो रेकॉर्ड केला, मागे वायपरचाही थोडा आवाज आला. शब्द मात्र ईराकडे नव्हते. ते मिळवायला एकच जागा होती. रविवारी ती स्वतः स्क्रीनसमोर जाऊन बसली.

"मावशीआजी, भाजी कशी इकाची?"

मावशीने आधी डोळे बारीक केले. मग विचारलं, "तुले काय दुकान टाकाचं हाय थंडीत?"

"नाही. स्टेजवर. सगळ्यायसमोर."

"लोकं हसतीन."

"आय नो," ईरा म्हणाली. मग म्हणाली, "हसू दे."

त्या दिवशी कॉल इतका लांबला की स्मिताने ईराचं जेवण स्क्रीनसमोर नेऊन ठेवलं. मावशीने वांग्याची हाक दिली, मिरचीची दिली, उधारी मागणाऱ्याला हाकलायची दिली. मध्ये दम लागला की पाणी प्यायची आणि म्हणायची, "थांब, हे मेन हाय." शिव्या कोणत्या गाळायच्या यावर दोघींचं भांडण झालं. शिव्या गाळल्या तर ठेका तुटतो, हे मावशीचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ईरा ओढणी कमरेला खोचून माइकपुढे उभी राहिली. ठेका सुरू झाला. तिने पहिली हाक दिली आणि हॉल हसला. नाटकातली मोलकरीण परत आली असं सगळ्यांना वाटलं. ईराने माझ्याकडे बघून हात वर केला. मी ठेका थांबवला.

"हे विनोदी नाहीये," ती म्हणाली, मंडळाच्या मराठी शाळेत शिकवलेल्या स्वच्छ मराठीत. "ही माझी मावशीआजी आहे. तिने हे म्हणत माझ्या बाबांना शिकवलं. प्लीज लिसन."

आणि तशीच उभी राहिली. शेवटची कुजबुज थांबेपर्यंत तिने हात खाली केला नाही.

मग पुन्हा ठेका, पुन्हा पहिल्यापासून. संथ, जड, शब्द ओढत, मूर्तिजापूरच्या भाजीबाजाराची हाक व्हिटबीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये. काहींना आवडलं नाही. मागचे दोघे-तिघे चहाकडे गेले. बाकीचे बसले, आणि हसलं कोणी नाही. संपल्यावर नीलाताई माझ्याजवळ आल्या. "पाठवलेल्या कागदात नव्हती अशी एक शिवी आली त्यात," त्या म्हणाल्या.

"आली," मी म्हणालो.

"पुढच्या नाटकात तिला वकिलीण करते," त्या म्हणाल्या. "बोलणं तेच ठेव म्हणावं."

घर कुठलं, असं तिकडचे आणि इकडचे, दोघेही मला विचारतात. मला वाटतं, जिथे आपल्या तोंडानं बोललं तर कोणी हसत नाही ते घर. आणि जिथे हसतात तिथे हात वर करून थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. घर असंही होतं.

मावशी म्हणते फोन हवेत जातो, कागद उशीखाली ठेवता येतो. म्हणून मी तिला लिहिलं. ते पत्र असं:

"मावशे,

शेजारच्या गण्याकून हे वाचून घेजो. गण्या, शिव्या गाळजो नोको, नाहीतं तिले समजते.

तुही हाक इथं पोचली. तुह्या नातीनं शंभर-दीडशे लोकायसमोर म्हटली. पयले हसले. मंग तिनं सारे गप केले, तू बाजारात कराची तसेच. माह्या गाडीत अडकलेल्या पोरायचा ढोल होता मागं. त्यायलेही लोक हसत होते म्हन. थे पोरं तुले भेटले असते तं तू त्यायले आधी शिव्या देल्या असत्या, मंग भाकर.

पोट्टी तुह्यावर रागावली नव्हती. कधीच नव्हती. आता वकिलीण होनार हाय नाटकात, तं भांडन शिकवजो.

गोया येळेवर घेजो. स्टेशनवर तू मले जे सांगतलं होतं थे मी इसरलो नाही. आपल्याच तोंडानं बोलून राह्यलो.

आन आयक, तिनं साऱ्या शिव्या नाही म्हटल्या. एकच म्हटली. कोनती थे मी नाही सांगत. रयवारी तिलेच इचारजो.

तुहा,
बाल्या"