पाच मांड्यांवर वाढलेली पोर

बाळांच्या स्पर्धेतल्या परीक्षक बाईंनी माझ्या शेजारणीला फसवलं. बक्षीस तिच्या मेहनतीचं होतं, ते भलतीकडे गेलं, आणि वरून बोल माझ्या माथी आला. आधी हे सांगून टाकते, नाहीतर पुढचं शांतपणे लिहिता यायचं नाही.

छत्तीसगढात पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. नवरा तिथे कामाला. आम्ही नागपूरकडून आलेले, पावर हाउसच्या मागे झोपड्यांत राहायचो. मी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांतून फिरायचे आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचे. हा धंदा मला कोणी शिकवला नाही. एका पातेल्याला तीन साड्या मागायच्या, दोनवर यायचं, आणि बाई अडून बसली की मुकाट्याने पाटी उचलायची. पाटी उचलली की बाई हाक मारायचीच.

मुलगी नऊ महिन्यांची होती. पाटी आणि पोर दोन्ही पेलेना, म्हणून ती शेजारच्या छत्तीसगढी बाईकडे असायची. सगळी गल्ली तिला दाई म्हणायची. त्यांच्याकडे दाई म्हणजे आई. घरात तिची सासू, दोन जावा, एक नणंद. पोर सकाळी एकीच्या कमरेवर, दुपारी दुसरीच्या मांडीवर. जी जेवायला बसेल ती आपल्याच ताटातला भात कुसकरून तिला भरवायची. दाईचं स्वतःचं लेकरू अंगावर पीत होतं. मला उशीर झाला की माझीही तिच्या दुसऱ्या बाजूला लागायची. आम्ही कोण, कुठले, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी माझी भांडी वाजली की पोर पाचही जणींना सोडून रांगत दारात यायची.

दारोदार फिरताना मी साड्यांबरोबर लेकरंही पाहायचे. बंगाली घरातलं बाळ मला पाहताच आजीच्या पदरात घुसायचं. तेलुगू बाई साडीच्या झोळीला पायाने झोका देत माझ्याशी घासाघीस करायची. कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबाच्या घरी तर गुबगुबीत पोर थंडीत व्हरांड्यात एकटं झोपवलेलं असायचं. जागं झालं तरी आपलीच बोटं बघत पडून राहायचं. मला नवल वाटायचं, पण त्या आयांचा जीव लेकरावर नाही, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

सेक्टर दोनमधल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून आम्ही स्पर्धेला गेलो. दाईने पोरीला तेल चोळून आंघोळ घातली, काजळ लावलं. वजनात, दातांत पोरीला तोड नव्हती. मग परीक्षक बाई म्हणाल्या, बाळाला सतरंजीवर ठेवा आणि दाराबाहेर जा. मी दाईला घेऊन बाहेर गेले आणि दारातून पाहत राहिले. पोरीने दाराकडे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि सरळ परीक्षक बाईंपाशी रांगत जाऊन त्यांची रेशमी साडी धरली. दोन्ही हात वर केले.

बाईंनी साडी सोडवून घेतली. “इसे तो माँ की परवाह ही नहीं. दिन भर बाहर रहती हो ना?”

बक्षीस आई बाहेर जाताच रडून रडून काळंनिळं झालेल्या एका बाळाला मिळालं. मी तिथेच भांडायला उभी राहिले. दाईने दंड धरून मला बाहेर ओढलं.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

“लेकरू तुले ओळखत नाही म्हणतात,” नवरा म्हणाला. “माय येणार हाय पुढच्या महिन्यात. तिच्यासंगं गावाले पाठवून देतो. तिथं घरच्याइच्या मांडीवर तरी राहीन.”

“कोन म्हणते ओळखत नाही?”

“सारेच म्हणून राहिले. तू कावून चिडतं?”

पोर हातची जाणार, या भीतीने माझी अक्कल गेली. साडीची घडी उलगडून, उजेडात धरून भोकं पाहिल्याशिवाय मी कधी सौदा केला नव्हता. परीक्षक बाईंचा शब्द मात्र तसाच घेतला. दाईकडे पोर पाठवणं बंद केलं. तिला पाठीशी बांधून सेक्टरांत नेऊ लागले. ती उन्हात किंचाळायची. पाचव्या दिवशी मी पाण्याला उठले तरी गळ्याला घट्ट मिठी मारून रडायला लागली.

“आता झाली तुही पोर,” नवरा म्हणाला. मीही खूश झाले. पण ती खाईना. पोट बिघडलं, अंग तापलं.

आठव्या दिवशी दाई उंबऱ्याशी आली. “लइका ला काबर डरवा डारे, बाई?” पोरीला का घाबरवून ठेवलंस, असं विचारत होती.

“माही पोर हाय. मी पाहीन काय करायचं ते,” मी खेकसले.

ती तिथून हलली नाही. पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि भिऊन माझ्या खांद्यात तोंड लपवलं. दाईपासून! हे मी कमावलं होतं.

दाई उंबऱ्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने पोर माझ्या कडेवरून उतरली, थोडी सरकली, थांबली, वळून मला पाहिलं. मी मान डोलावली. मग तिने दाईचं बोट धरलं. नवरा शिफ्टवरून आला तेव्हा ती दाईच्या मांडीवर पेज पीत होती. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर. तो चपला न काढता पाहत राहिला.

“मायले चिठ्ठी टाकतो,” तो म्हणाला. “येऊ नको म्हणून.”

मुलगी त्या पाच जणींत वाढली आणि माझीच राहिली. कोणाच्याही दारात न बिचकता उभं राहण्याची हिंमत तिला त्या घराने दिली. मी आयुष्यभर घासाघीस केली, पण तिथून जे मिळालं त्याच्यावर द्यायला माझ्या पाटीत काही नव्हतं. दाईनेही काही मागितलं नाही.

पण परीक्षक बाईंना मी सोडलेलं नाही. त्या दिवशी त्या सतरंजीभोवती वीस-पंचवीस आया बसल्या होत्या आणि सगळ्यांनी त्यांचं बोलणं ऐकलं. त्यातल्या किती जणींनी घरी जाऊन लेकराला दुसऱ्या मांडीवरून ओढून घेतलं? कोणाच्या दाराशी दाई येऊन बसली नसेल, त्या पोराचं काय झालं? तुम्ही शिकलेल्या होता, बाई. उत्तर द्या.