चालण्याची मजुरी

शुगर होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या गरीब बायकांनी रोज सकाळी चालावं म्हणून त्यांना महिन्याला थोडे पैसे द्यायची योजना आमच्या चिकलठाण्याच्या दवाखान्यात आली, तेव्हा मी चिडलेच. मी तिथं नर्स. स्वतःच्याच तब्येतीसाठी कसले पैसे?

वस्तीत शिलाईकाम करणाऱ्या एक बाई दवाखान्याच्या आवारात चालायला सगळ्यांच्या आधी यायच्या. त्यांना मी हे तोंडावर विचारलं.

"ताई, फुकट चाललं तर घरचे म्हणतात, उंडारायला गेली. पैसे मिळाले की ते काम होतं. कामाला कोण अडवतंय?"

मी वहीत त्यांची हजेरी मांडली.

पुढं योजना संपली आणि एकेक बाई गळाली. या मात्र येतच राहिल्या. घरी काय सांगता, मी विचारलं.

"योजना संपली हे सांगितलंच नाय. शिलाईतले तेवढेच पैसे बाजूला काढते आन् चालण्याचे म्हणून सासूबाईंच्या हातावर ठेवते."

मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

परवा कडाक्याची थंडी होती, तरी त्या हजर. मी म्हटलं, "आज तरी झोपायचं होतं!"

"झोपलेच होते. सासूबाईंनीच पांघरूण ओढलं. म्हणाल्या, ऊठ, खाडा करू नको, पैसे कापतील."