शर्वरीची जागा

रविवारी सकाळी मी स्केटिंगच्या मैदानावर मुलींच्या गुडघ्यांचे पट्टे बांधायला जाते. इथे पगार कुणालाच नाही; शिकवणारी मेधाताईसुद्धा एरवी बँकेत असते. येईल त्या मुलीला खेळायला घेतात. चाकांच्या बुटांवर गोल पळत एकीने समोरच्या संघाला ओलांडायचं आणि त्यांनी तिला अडवायचं, एवढाच खेळ.

परवा बारा वर्षांची शर्वरी पहिल्यांदाच उतरली. अंगाने थोराड, म्हणून शाळेत लंगडीलाही तिला कुणी घेत नसे. समोरून चपळ रेहाना सुसाट आली आणि शर्वरी घाईने बाजूला झाली.

"सरकू नकोस गं," मेधाताई म्हणाली. "ती जागा तुझी आहे."

अंग चोरायची सवय आपल्याला किती लवकर लागते. मी तर अजून बसमध्येही अर्ध्याच सीटवर बसते.

रेहाना पुन्हा आली. या वेळी शर्वरी हलली नाही. खांद्याला खांदा धडकला आणि दोघीही कोब्यावर आपटल्या. मी धावत गेले, तर दोघी हसत सुटलेल्या.

"काय भारी अडवलंस," रेहाना म्हणाली.

शर्वरीचा चेहरा लालबुंद झाला होता. "ताई, परत येऊ दे तिला," ती म्हणाली, आणि पाय फाकवून मैदानाच्या मधोमध उभी राहिली.