पन्नास भाकऱ्या, साडेनऊच्या आत

"गे माये, ही भाकरी आसा की पापड?"

आमच्या गॅलरीत पंगतीला बसलेल्या एका पाहुण्याने शेजारच्याला हळूच विचारलं. मी आमटी वाढत होते. ऐकू न आल्यासारखं केलं, कारण हा सगळा घोळ माझाच होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांसाठी कोकणातून आलेली पन्नास माणसं भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत उतरली होती. त्यांच्यातलं कुणीही उपाशी निघता कामा नये, असं चाळीने ठरवलं. आणि बाबांनी ते काम माझ्यावर टाकलं. "हिच्या इंग्रजी शाळेचा काहीतरी उपयोग होऊ दे!"

मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. 'जे मोजता येत नाही ते काम नव्हे,' असं आमचे साहेब रोज म्हणत. मी मनोभावे पाटी टांगली. खालचा माळा आईकडे, वरचा काकूकडे. प्रत्येकी पन्नास भाकऱ्या, साडेनऊच्या आत. ज्यांच्या आधी होतील त्यांच्या नावापुढे झेंडा! (झेंडा खडूचा, पण पुढे जे झालं ते पाहता खराच वाटावा.)

पहिल्या दिवशी दोघींच्या सव्वानऊला झाल्या. दुसऱ्या दिवशी काकूच्या पावणेनऊला.

"पावणेनऊ?" आई म्हणाली. "तिच्याकडे तवा तरी एकच आहे ना?"

तिसऱ्या दिवशी आई आठला मोकळी! चौथ्या दिवशी काकू साडेसातला! मला भारी कुतूहल वाटू लागलं. वेळ कमी लागतो, शिवाय रोज पीठही उरतं? साहेबांना कळवावं असंच होतं हे. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात डोकावले, तर आई एका तव्यावर चार-चार भाकऱ्या भाजत होती.

"आई, लहान नाही का होत?"

"पाटीवर आकार लिहिलायस कुठे?"

वरून काकू ओरडली, "वैनी, झाल्या हो पन्नास!"

आणि आता ही पंगत. माणशी दोन भाकऱ्या केव्हाच संपल्या होत्या. मोर्चा निघायची वेळ झाली तरी दोघं सोडून पानावरून कुणी उठेना. आणि ते दोघं खाणावळ शोधायला चपला घालत होते. चाळीची अब्रू जिन्यापर्यंत पोचली होती!

"हे काय चाललंय?" बाबा गरजले.

"पन्नास मोजून दिल्या," आई म्हणाली.

"आमच्याही पन्नास. तुमच्या आधी!" काकू म्हणाली.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पाटी पुसली. 'पोट भरलं का?' एवढंच लिहिलं आणि ती पंगतीपुढे धरली. चपला घालणाऱ्यांसकट पन्नास माना आडव्या हलल्या.

"बरं," काकूने उरलेल्या पिठाची परात माझ्यापुढे सरकवली. "केवढी हवी ती एक थापून दाखव गो. तशाच करू सगळ्या."

चाळीत इतक्या वर्षांत मी कधी आवाज चढवला नव्हता. तो दोन्ही माळ्यांना त्या दिवशी प्रथमच ऐकू गेला.

"मला भाकरी येत नाही!"