रंभाच्या जीपचे कमानपाटे

मुलचेऱ्याच्या पलीकडं जंगलात जो रस्ता शिरतो, त्यावर एसटी फिरकत नाही. फिरकते ती रंभा मडावीची जीप. जीप तिच्या बापाच्या, लालसूच्या काळची. लालसूनंच लेकीला स्टिअरिंगवर बसवलं होतं, आणि तो गेल्यावर रंभा तिथून उठलीच नाही. गावानं नाकं मुरडली, सोयरिकी आल्या तशा परत गेल्या. बाई आपली अनवाणी पाय क्लचवर ठेवून सवाऱ्या बाजाराला नेत राहिली.

यंदा मात्र पुढचे कमानपाटे बसले. चाकाच्या वर एकावर एक बांधलेल्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या. खड्ड्याचा सगळा मार त्याच खातात. मोठा पाटा तडकला, टोकांचे रबरी बुश झिजून पार चोथा झाले, आणि दर खड्ड्याला खडांग असा आवाज यायला लागला. त्यात आपल्या भागातली रीत तर ठाऊकच आहे. ड्रायव्हरच्या डाव्या हातालाच नव्हे, उजव्या हातालाही सवारी बसते, अर्धं बूड सीटवर आणि अर्धं हवेत. त्यामुळं उजवं अंग जास्तच खचलं होतं.

थोरला भाऊ जंगू म्हणाला, "भंगारात देऊन टाकू. नवी गाडी घेऊ. मी चालवीन."

"अन् मी?"

"तू आता आराम कर ना."

आराम म्हणे! इतकी वर्षं हा गडी पानठेल्यावर बसून गप्पा हाणत होता, तेव्हा कोणाला आराम सुचला नव्हता. रंभाच्या अंगाचा तिळपापड झाला. जीप गेली म्हणजे स्टिअरिंग गेलं, आणि ते गेलं की तिला पुन्हा चुलीपुढं बसवायला सगळे टपलेलेच होते.

"पाटे मी बदलवीन," ती म्हणाली. "हात लावून पाह्य कोणी माह्या गाडीले."

चंद्रपूरहून तिनं पाटे आणि बुश आणवले. जीप जॅकवर उचलून खाली सागाचे ओंडके लावले. गंजलेल्या नटांवर रॉकेल ओतून हातोड्यानं ठोकून ठोकून एकेक सोडवला. कोपरं सोलली. नवे पाटे चढवले, चाकं हवेत लोंबत असतानाच नट गच्च आवळले आणि मोठ्या ऐटीत जीप बाहेर काढली. नाल्यापर्यंत गेली नाही तोच करकर सुरू झाली. खाली वाकून बघते तर उजवीकडचे नवे बुश पिळवटून फाटलेले.

जंगूला हसू आवरेना. "झाली हौस?" म्हणाला, आणि त्यानं ब्रह्मपुरीच्या बिरजू भंगारवाल्याला बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन यायला सांगून टाकलं.

रंभा रडली. खोटं कशाला सांगा, जीपखाली पडूनच रडली. मग डोळे पुसून फाटलेलं रबर हातात घेऊन उलटसुलट करत राहिली. नट आवळले तेव्हा पाटे लोंबत होते. ओझं आल्यावर ते ताठले, आणि मधल्या मधे पकडलेलं रबर पिळलं गेलं. म्हणजे नट आवळायचे ते अंगावर ओझं असताना. आणि आपली जीप रिकामी असते तरी कधी?

बाजाराच्या दिवशी तिनं चंद्रपूरहून पुन्हा मागवलेले बुश घातले, नट ढिलेच ठेवले, जीप चाकांवर उतरवली आणि वाट बघत उभ्या असलेल्या सवाऱ्यांना म्हणाली, "बसा. गाडी हलनार नाई, पन बसा."

"काऊन व माय, येडी झाली का तू?" म्हातारी शकुबाई म्हणाली, आणि तांदळाचं गाठोडं घेऊन पहिली तीच चढली. मागोमाग सगळे चढले. ड्रायव्हरच्या उजव्या अंगाची जागा तेवढी राहिली.

"दादा," रंभा जंगूला म्हणाली, "तिथी वजनदार मानूस पाह्यजे. बस."

लोक बघत होते. जंगूनं इकडंतिकडं पाहिलं आणि बसला. जीप खाली दबली. रंभा पाना घेऊन खाली सरपटली आणि एकेक नट आवळायला लागली.

तेवढ्यात बिरजूचा टेम्पो आला. "कोनती गाडी न्यायची हाय?" त्यानं विचारलं. कोणी उतरेना. शकुबाईनं गाठोडं आणखी घट्ट धरलं.

रंभा बाहेर आली, पदराला हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसली. "ज्याले गाडी इकाची असन त्यानं उतरा," ती म्हणाली. "बजारात यायचं असन त्यानं बसा."

जंगूचा एक पाय बाहेरच होता. त्यानं बिरजूकडं पाहिलं, मागं बसलेल्या गावाकडं पाहिलं, आणि पाय आत घेतला.

नाल्याचा खड्डा आला, तसे सगळे सवयीनं दांडा धरून बसले. जीप खाली गेली, वर आली. खडांग नाही, करकर नाही.

"आवाज नाई आला," जंगू हळूच म्हणाला.

"नाई ना? मंग आता नीट आयकू येईन तुले," रंभा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "हे गाडी मीच चालवीन. मरेपर्यंत. तुले बसाचं असन त इथीच बस, माह्या उजव्या अंगाले."