खिडकीतली गाळाची बरणी

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सासूबाई बांधावरून घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. प्लास्टर झालं, खाट खिडकीशी लावली. चार बायांचं काम एकटीनं ओढणाऱ्या त्या बाई अगदी गप्प झाल्या. जेवणही निम्मं टाकायच्या.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना दाखवायला मी आमच्या बोडीतला, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातला, काळा गाळ काचेच्या बरणीत भरला. त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, खडूची भुकटी, थोडं जिप्सम आणि बोडीचंच पाणी घातलं. चांगला उजेड एकाच खिडकीत यायचा. बरणी तिथेच ठेवावी लागली.

"घरात चिखल कायले आनला? वास येऊन राह्यला," सासूबाई म्हणाल्या. मी झाकण घट्ट केलं.

काही आठवड्यांनी त्यांनीच हाक मारली. "इकडे ये वो, याले गुलाबी डाग पडला!"

खरंच पडला होता. त्याच्या खाली हिरवट पट्टाही दिसत होता. हे जिवाणू आहेत, सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या वायूवर जगतात, असं मी सांगितलं.

"ते तेच खातेत, हे कोनाले कसं समजलं?"

मग मी त्यांना शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका शास्त्रज्ञाची हकिगत सांगितली. गंधकाच्या झऱ्यातले धाग्यासारखे जिवाणू तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. त्यांच्या पोटात गंधकाचे कण दिसत. पाण्यात तो वायू नसला की कण नाहीसे होत, वायू मिळाला की पुन्हा भरत. त्यावरून त्यानं ओळखलं, की हे गंधकावरच जगतात आणि मातीतलं गंधक एका रूपातून दुसऱ्या रूपात फिरवत राहतात.

सासूबाईंनी बरणीच्या काचेवर बोट टेकवलं. "आन् आपल्या याईले उजेड लागते का?"

"बघायचं का?"

त्यांनी जुन्या काळ्या लुगड्याची पट्टी फाडून मागितली आणि बरणीवर जिथे अजून रंग आला नव्हता, तिथे स्वतः बांधली. रोज सकाळी बाकीची काच न्याहाळायच्या आणि मला सांगायच्या. त्या नादात बोलणं वाढलं, जेवणही. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात पट्टी सोडली. भोवतालची काच जांभळी झाली होती. पट्टीखाली नुसता चिखल.

"लागते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन पहिल्यांदा अंगणापर्यंत चालल्या.

पुढच्या रोवणीला त्या बांधावर बसून होत्या. बांधीतल्या, म्हणजे भाताच्या वाफ्यातल्या, चिखलातून बुडबुडे निघत होते. ते चिखलातले जिवाणू सोडतात, असं त्यांनी बायांना सांगितलं. बाया हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.