कार्टनचाचांची रजा

कार्टनचाचांनी बांधलेलं खोकं विमानातून खाली टाकलं असतं तरी सुटलं नसतं. नायलॉनच्या दोरीचे उभे-आडवे वेढे, कोपऱ्याकोपऱ्याला गाठ आणि सहाही बाजूंना मार्करने नाव-गाव. रत्नागिरीचा असो की रायगडचा, रजेवर निघालेला माणूस आधी बहरीनमधल्या सनदला चाचांच्या फ्लॅटवर आपलं खोकं घेऊन यायचा. बांधून झालं की चाचा त्यावर एक चापट मारायचे. "खलास! आता हे तुझ्या आधी गावाला पोचतंय."

मआमीरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डर, मी तिथल्याच ऑफिसात. मी वसईचा ख्रिस्ती, ते दापोलीकडचे कोकणी मुसलमान, पण डबा आमचा एकत्र. तीस वर्षांत त्यांची एकही रजा गावाबाहेर गेली नव्हती. कधी पुतण्याचं लग्न, कधी भावाच्या घराचा स्लॅब. चाचांना 'नाही' हा शब्द येतच नव्हता. "रजा आपली नसते रे बाबा," ते म्हणायचे. "रजा गावाची. आपण फक्त नेऊन पोचवायची."

चाची या सगळ्या काळात गावी. मुली सासरी गेल्या आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी चाचांनी त्यांना फॅमिली व्हिसावर आणलं. मला वाटलं, चला, आता तरी दोघं निवांत बसतील. कसलं काय! दर शुक्रवारी गावची पंधरा-वीस पोरं चाचींच्या हातची सांदणं खायला हजर. चाची चुलीपाशी, चाचा दोरीपाशी. माझ्या बायकोने विचारलं, "चाची, करमतं का बहरीनला?" तर म्हणाल्या, "कसलं बहरीन गो? गावच उठून हितं आलाय."

बायकोने ते वाक्य मनाला लावून घेतलं आणि दोघांना कुठेतरी फिरवून आणू या, असं माझ्यामागे टुमणं लावलं. आमचा बहरीनी सुपरवायझर दर जुलैत बायकापोरांसकट पोलंडला झाकोपाने नावाच्या डोंगरातल्या गावी जायचा. आम्हीही त्या वर्षी जाणार होतो. मी चाचांना म्हटलं, "तुम्हीही चला. व्हिसा संपायच्या आत आठ दिवस चाचींच्या नावावर करा." चाचा नुसतेच हसले. चार दिवसांनी मात्र डबा उघडता उघडता म्हणाले, "तिला विचारलं. रडलीच रे ती. आता न्यायलाच हवं."

विमानतळावर आलो तर चाचांच्या ट्रॉलीवर भलंमोठं खोकं! साबण, बाम, टॉर्च, खजूर, अत्तर आणि एक ब्लँकेट. सहाही बाजूंना मार्करने 'झाकोपाने'. मी कपाळावर हात मारला. "चाचा, तिथे आपलं आहे कोण?" चाचा खोक्याकडे बघत राहिले. "अरे हो की. हाताला सवय, बाबा. आणि रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जायचं?"

ते ब्लँकेट, तिथे आम्ही उतरलो त्या घराच्या मालकिणीला मिळालं. ती डोंगरातली धिप्पाड बाई, भाषेचा पत्ता नाही. तिने चाचींना करकचून मिठी मारली आणि मेंढीच्या दुधाचं, धुरी दिलेलं चीज आणून दिलं. तिथली बाजारपेठ तर अशी, की आखातातून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दुकानांवर अरबी पाट्या आणि गोरी पोरं अरबीतच "यल्ला, यल्ला" म्हणून हाका मारतायत. चाचा तिथे ऐटीत अरबी बोलत हिंडले. रस्त्यावर, दुकानात ते मजेत. पण बायकोशेजारी बाकावर बसले की गप्प. काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. लग्न होऊन बत्तीस वर्षं झालेली माणसं ही! मला वाईट वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

चौथ्या दिवशी रुळांवरच्या छोट्या गाडीने डोंगरावर गेलो. समोर ढगांत बुडालेले कडे, हवेत मस्त गारवा. तेवढ्यात चाचांच्या भावाचा फोन. चाचांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू. "भाईजान, शुक्रवारी मंगनी ठरलीय पोरीची. तुम्ही थोरले. तिकीट बदला नि तिकडूनच या."

"इंशाल्ला, येतो," चाचा म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले, "बघ रे, उद्याची तिकिटं मिळतात का."

चाची डोंगराकडेच बघत होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी हितंच बसतंय. हे आठ दिवस माज्या नावाचे होते."

मी मोबाइल हातात घेऊन तसाच उभा. चाचांनी भावाला फोन लावला. "मंगनी तुम्ही उरकून घ्या. मी निकाहला येईन. आता नाही जमायचं." पलीकडून आरडाओरडा सुरू झाला, तसा चाचांनी फोन बंदच करून टाकला.

त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतून भांडणाचे आवाज यायला लागले. थोरली जन्मली तेव्हा का आला नाहीत, सासऱ्यांच्या आजारपणात मी एकटी कशी निभावली, सगळं निघालं. बायको घाबरली, म्हणाली, जाऊन बघा. मी म्हटलं, गप्प बस, बत्तीस वर्षांचं भांडण तुंबलंय, होऊन जाऊ दे. सकाळी दोघं आमच्या आधी उठून फिरायला गेले होते. पुढचे चार दिवस ते जेवायलाच तेवढे आम्हाला भेटले. बाकी वेळ कुठे असायचे, कोण जाणे.

चाचा गावी परतले आणि वर्षभरातच, काही ध्यानीमनी नसताना, गेले. मला रजा मिळाली नाही. मिळाली नाही म्हणण्यापेक्षा मी भांडलो नाही, हे आजही खुपतं. चाळिसाव्या दिवसानंतर चाचींना फोन केला. त्याच बोलत राहिल्या.

"बायका येतात रे भेटायला. विचारतात, एवढी पोलंडला गेलीस, तिथं बघितलंस काय? मी सांगते, ह्यांना बघितलं."